काचेवरचं शेवाळ खाणारा छोटा मासा



बचत गटांच्या बैठकांच्या निमित्तानं मी सोलापुरात आणि आसपासच्या गावांत घरोघरी जाते. अलीकडे बऱ्याच घरांत टीव्हीच्या शेजारी फिशटँक दिसतो. कुणी मुलांच्या हट्टासाठी आणलेला असतो, कुणी वास्तुशास्त्रात चांगला म्हणून. बैठकीचा हिशेब संपला की एखादी तरी विचारतेच, "ताई, काचेला सारखं शेवाळ धरतं. तो काच चाटणारा मासा आणला की टाकी धुवावी लागत नाही म्हणे. खरं का?"

हे अर्धं खरं आहे. शेवाळ खाणारा मासा असतो, आणि तो फार गुणी असतो. पण त्या नावाखाली दुकानात वेगवेगळे मासे मिळतात. त्यातला चुकीचा घरी आला तर वर्षभरात तो टाकीत मावत नाही, आणि मग त्याला तलावात नाहीतर उजनीत सोडायचा विचार डोक्यात येतो. म्हणून आज योग्य मासा कसा ओळखायचा, आपल्या सोलापूरच्या पाण्यात आणि उन्हाळ्यात तो कसा जगवायचा, आणि चुकीचा आलाच असेल तर काय करायचं, हे सगळं सांगते.

एकाच कामाचे तीन मासे

पहिला आहे ओटो. त्याचं पूर्ण नाव ओटोसिंक्लस. हा कॅटफिश, म्हणजे आपल्याकडच्या शिंगाड्याच्या आणि मागूरच्या दूरच्या नात्यातला. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. पूर्ण वाढला तरी तीन ते पाच सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या बोटाच्या दोन पेरांएवढा. अंग पेन्सिलीसारखं सडपातळ, पोट पांढरट, आणि नाकापासून शेपटीपर्यंत एक गडद पट्टा. तोंड खालच्या बाजूला असतं आणि त्यानं तो काचेला चिकटून बसतो. स्वभावानं गरीब. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

दुसरा आहे सकर. दुकानात हाच सगळ्यात जास्त दिसतो. ओटोच्याच कुळातला, त्यामुळे तोंड तसंच. पण अंगावर वाघळ्या किंवा बिबट्यासारखे ठिपके, रंग काळपट तपकिरी, आणि पाठीवरचा पर शिडासारखा उंच. विकायला ठेवलेलं पिल्लू पाच-सहा सेंटिमीटरचं असतं, म्हणून ते लहानच राहील असं वाटतं. पण हा मासा चाळीस सेंटिमीटरच्या पुढे जातो, म्हणजे लाटण्यापेक्षा लांब. लहानपणी तो शेवाळ खातो. मोठा झाला की शेवाळापेक्षा इतर माशांचं खाणं त्याला जास्त आवडतं, आणि तो घाण इतकी करतो की टाकी पहिल्यापेक्षा लवकर गढूळ होते.

तिसरा मासा पिवळा किंवा सोनेरी असतो. त्याला चायनीज अल्गी ईटर किंवा गोल्डन सकर म्हणतात. हा कॅटफिश नाही. आग्नेय आशियातला वेगळाच मासा आहे. वीस-पंचवीस सेंटिमीटरचा होतो आणि वयात आला की भांडखोर बनतो. दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. त्यानं त्यांना जखमा होतात.

त्यामुळे दुकानात "काच साफ करणारा मासा द्या" असं म्हणू नका. "ओटो आहे का?" असं नाव घेऊन विचारा. नसेल तर "त्याच्यासारखाच आहे" म्हणून दुसरा देतील, तो घेऊ नका. ओटो मिळेपर्यंत काच स्वच्छ स्पंजनं पुसली तरी चालते.

मासा म्हणजे मोलकरीण नव्हे

एक गोष्ट आधी मनात पक्की करू. शेवाळ येतं ते जास्त उजेडानं आणि जास्त खाऊ टाकल्यानं. टाकी खिडकीत ठेवली, दिवा रात्री झोपेपर्यंत चालू ठेवला, आणि घरातल्या प्रत्येकानं येता-जाता चिमूटभर खाऊ टाकला, तर वीस ओटो आणले तरी काच हिरवीच राहणार. दिवा दिवसाला सहा ते आठ तास पुरे. थेट ऊन नको. खाऊ दोन-तीन मिनिटांत संपेल एवढाच.

ओटो मऊ हिरवं शेवाळ खातो आणि नव्या टाकीत येणारा तपकिरी थर फार आवडीनं खातो. पण काळं, दाढीच्या केसांसारखं शेवाळ तो खात नाही. निळसर हिरवा, वास मारणारा, सायीसारखा थर येतो, त्यालाही तोंड लावत नाही. काचेवर घट्ट बसलेले हिरवे ठिपके असतील, तर ते एखाद्या जुन्या प्लास्टिकच्या कार्डानं आपणच खरवडायचे.

आधी टाकी मुरू द्या

नवी टाकी आणली, पाणी भरलं आणि त्याच दिवशी ओटो सोडले, तर ते बहुतेक आठवडाभरात मरतात. लोक म्हणतात मासाच नाजूक. खरं कारण पाण्यात असतं.

माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाऊतून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विष आहे. फिल्टरच्या स्पंजमध्ये हळूहळू चांगले जिवाणू वाढतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, आणि दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानानं सौम्य. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकी दिसायला स्वच्छ असली तरी आतून कच्ची असते.

याला आपल्या स्वयंपाकघरातला उपाय आहे, विरजण! जसं थोडं जुनं दही घातलं की दूध लवकर लागतं, तसं एखाद्या मैत्रिणीच्या जुन्या, निरोगी टाकीतल्या फिल्टरचा स्पंज आपल्या फिल्टरमध्ये ठेवला की जिवाणू लवकर वाढतात. तो स्पंज वाटेत सुकू देऊ नका.

ओटोसाठी एवढंही पुरत नाही. त्याला खायला काचेवर, दगडावर, पानांवर शेवाळाचा पातळ थर हवा. म्हणून टाकी दोन-तीन महिने चालू असेल, तिच्यात गप्पीसारखे साधे मासे मजेत असतील, आणि काचेवर हिरवी झाक दिसायला लागली असेल, तेव्हाच ओटो आणावेत.

आणखी एक. फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुवू नका. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा कच्ची होते. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो पिळून घ्या. आणि साबण, निरमा, फिनेल यातलं काहीही टाकीला लावायचं नाही.

किती मोठी टाकी, किती मासे

ओटो एकटा राहत नाही. नदीत तो थव्यानं असतो. एकटा-दुकटा आणला तर घाबरून कोपऱ्यात बसतो, खात नाही आणि खंगतो. निदान सहा हवेत. त्यासाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी घ्या. तिच्यात साधारण ५५ लिटर, म्हणजे चार-पाच घागरी पाणी मावतं. काचेच्या गोल भांड्यात हा मासा ठेवू नये.

सोबतीला गप्पी, छोटे टेट्रा असे शांत मासे चालतात. गोल्डफिश नको, कारण तो मोठा होतो, फार घाण करतो आणि त्याला थंड पाणी लागतं. ऑस्कर आणि त्याच्यासारखे मोठे मासे तर ओटोला गिळायला बघतात. त्याच्या परांतले काटे घशात अडकून मग दोघंही मरतात.

आपलं पाणी

सोलापूरच्या नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. आपण पिंपात, हौदात साठवतो. एरवी आपण या गोष्टीवर वैतागतो, पण टाकीसाठी ती सोयीची आहे. नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन असतो आणि तो माशांचे कल्ले जाळतो. उघड्या बादलीत पाणी एक-दोन दिवस राहिलं की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीनची बाटली मिळते. बाटलीवर लिहिलेत तेवढेच थेंब घालायचे.

बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. भांड्याला पांढरा थर धरतो, त्यावरूनच ते कळतं. ओटोला मऊ पाणी मानवतं. घरी बोअरचंच पाणी असेल तर त्यात निम्मं आरओचं शुद्ध पाणी मिसळा. नुसतं आरओचं पाणी वापरू नका, त्यात माशांना लागणारे क्षार नसतात. आणि आरओ यंत्राच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी तर अजिबात नको, ते जास्तच जड असतं.

दर आठवड्याला एक घागर पाणी काढायचं आणि तेवढंच साठवलेलं पाणी हळूहळू घालायचं. पूर्ण पाणी कधीही बदलायचं नाही. काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. तुळस, कढीपत्ता, गुलाब यांना ते खतासारखं लागू पडतं. पाण्याच्या टंचाईत एवढा हिशेब आपण ठेवलाच पाहिजे.

काही जण रोगराई नको म्हणून टाकीत मूठभर मीठ टाकतात. ओटोला मीठ सोसत नाही. तांबं असलेली औषधंही त्याला बाधतात. औषध घालायचंच असेल तर आधी दुकानदाराला सांगा की टाकीत कॅटफिश आहे.

आपला उन्हाळा

ओटोला २२ ते २६ अंश तापमान मानवतं. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. पाणी जसं तापतं तसा त्यातला प्राणवायू कमी होतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की समजायचं, जीव गुदमरतोय. ओटो एरवीही अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो, ते चालतं. सारखा वर येत असेल तर मात्र लक्ष द्यायचं.

उपाय साधे आहेत. टाकी पश्चिमेच्या भिंतीला आणि खिडकीजवळ ठेवू नका. उन्हाळ्यात झाकण काढून वर जाळी बांधा आणि छोट्या टेबलफॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. माठातलं पाणी जसं गार होतं, तसंच बाष्पीभवनानं टाकीतलं पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पाणी आटतं, तेवढी भर रोज घालायची. टाकीत बर्फ टाकायचा नाही. एकदम गारवा आला तर मासे दगावतात. हवेचा पंप दिवसरात्र चालू ठेवा. वीज गेली तर खाऊ बंद करा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी तांब्यानं टाकीतलंच पाणी घेऊन थोड्या उंचीवरून परत ओता, म्हणजे त्यात हवा मिसळते.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. घर पत्र्याचं असेल आणि दुपारी आत बसवत नसेल, तर हा मासा आणू नका. अशा घरात गप्पी तग धरतो, मुलांची हौस त्यानंही भागते. ओटो मात्र मे महिना काढणार नाही आणि तुमचे पैसे पाण्यात जातील.

दुकानातून घरापर्यंत

बाजारात येणारे ओटो बहुतेक नदीतून पकडून आणलेले असतात. हजारो मैलांचा प्रवास, पिशवीतले दिवस, आणि वाटेत खायला जवळजवळ काही नाही. म्हणून ते दुकानात येतानाच उपाशी असतात. नवीन माल आला त्याच दिवशी घेऊ नका. आठ दिवस थांबा. जे आठ दिवस दुकानात टिकले, ते घरीही टिकायची शक्यता जास्त.

निवडताना मासा काचेला चिकटला की खालून त्याचं पोट बघा. पोट गोलसर भरलेलं हवं. खपाटीला गेलेलं असेल तर तो घेऊ नका, स्वस्तात दिला तरी नको. पर फाटलेले नकोत, अंगावर पांढरे ठिपके नकोत.

घरी आल्यावर बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतलं अर्धी वाटी पाणी तिच्यात घाला. तासभर असं केलं की मासे जाळीनं उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. त्या दिवशी दिवा बंद ठेवा.

त्याला जेवायला वाढा

सगळ्यात जास्त ओटो मरतात ते उपासमारीनं. काच लख्ख झाली की आपण खूश होतो, पण काच लख्ख झाली म्हणजे त्याचं ताट रिकामं झालं. मग त्याला भाजी द्यावी लागते. दोडका, दुधी, काकडी किंवा पालक, जे घरात असेल ते. चकती करून दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकायची, गार करायची आणि काट्याचमच्यात खोचून तळाला ठेवायची. मीठ, हळद काही नाही. फवारणीचा अंश राहू नये म्हणून भाजी आधी नीट धुवा आणि साल काढा. संध्याकाळी ठेवलेली चकती सकाळी काढून टाका, नाहीतर पाणी नासतं.

पहिले काही दिवस ते भाजीकडे बघणारही नाहीत. रोज ठेवत राहा. एकानं तोंड लावलं की बाकीचे येतात. एक गुळगुळीत दगड पाण्याच्या वाटीत घालून आठ-दहा दिवस उन्हात ठेवला की त्यावर हिरवा थर धरतो. असे दोन दगड आलटून पालटून टाकीत ठेवले तर त्यांना घरचं जेवण मिळाल्यासारखं होतं.

मोठा झालेला सकर कुठे न्यायचा?

आता ज्यांच्या घरी सकर आधीच आलाय, त्यांच्यासाठी. तो फूटभर झाला, टाकीत वळता येत नाही, आणि मारवत तर नाहीच. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, सिद्धेश्वर तलावात सोडू, संभाजी तलावात सोडू, नाहीतर गावी जाताना उजनीत सोडू. जीव सोडला की पुण्य लागेल.

मैत्रिणींनो, यात पुण्य नाही. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात हा सकर मासा सापडल्याच्या बातम्या आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत आल्या आहेत. दक्षिण अमेरिकेतला मासा भीमेत आपोआप येत नाही. तो माणसाच्याच हातून पाण्यात पोचतो.

हा मासा आपल्या पाण्यात काय करतो ते बघा. त्याच्या अंगावर हाडांचं चिलखत असतं, त्यामुळे त्याला खाणारं फारसं कुणी नाही. परांतल्या काट्यांनी जाळी फाटतात. तो जाळ्यात सापडला तरी बाजारात त्याला भाव नाही. काठाच्या मातीत बिळं करून तो अंडी घालतो, त्यानं काठ ढासळतात. रोहू-कटल्याच्या पिल्लांचं खाणं तो खातो आणि तळाशी सापडलेली इतर माशांची अंडीही खातो. पाण्याबाहेर काढला तरी कित्येक तास जिवंत राहतो, कारण तो पोटात हवा घेऊन श्वास घेऊ शकतो.

एकदा बाहेरचा मासा पाण्यात रुजला की त्याला परत काढता येत नाही. चिलापी मूळची आफ्रिकेची. १९५२ साली ती भारतात आणली गेली, आणि आज उजनीच्या मासळीत चिलापीचंच राज्य आहे. चिलापी निदान विकली तरी जाते. सकर तोही उपयोगाचा नाही. बाहेरून आलेल्या थाई मांगूरच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे, ती याच काळजीपोटी.

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. सोलापूरचं पिण्याचं पाणी तिथून येतं, आपल्या फिशटँकमधलंही तेच. भिगवण, इंदापूर, करमाळ्याच्या बाजूला कितीतरी घरांची चूल तिथल्या मासेमारीवर पेटते. जाळं पुरुष टाकतात, पण निवडणं, टोपलीत भरणं, बाजारात बसून विकणं यात बायकाच असतात. त्यातल्या कितीतरी आपल्यासारख्याच बचत गटातल्या. फाटलेल्या जाळ्याचं कर्ज शेवटी त्यांच्याच वहीत लिहिलं जातं.

म्हणून सकर तलावात नको, नदीत नको, विहिरीत आणि शेततळ्यातही नको. पावसाळ्यात शेततळं भरून वाहिलं की तो ओढ्याला लागतो. आधी ज्या दुकानातून आणला तिथे परत द्या. पैसे मिळाले नाहीत तरी द्या. नाहीतर चार-पाच फुटी टाकी असलेल्या एखाद्या हौशी माणसाला द्या. मेलेला मासाही पाण्यात टाकू नका, मातीत खोल पुरा. झाडाला खत होईल.

आपल्या काही गटांत शोभेच्या माशांचा धंदा करावा का, अशी चर्चा असते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभेच्या माशांच्या संगोपनाचाही समावेश केलेला आहे, आणि महिलांसाठी अनुदानाचं प्रमाण ६० टक्के ठेवलेलं आहे. अर्ज सध्या घेतात का, ते मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारा. सुरुवात गप्पी आणि मॉलीपासून करा, ते घरच्या टाकीत सहज पिल्लं देतात. ओटोची पैदास कठीण आहे. आणि धंदा सुरू केलात तर प्रत्येक गिऱ्हाइकाला हा मासा किती मोठा होतो आणि तो बाहेर सोडायचा नाही, ही दोन वाक्यं सांगूनच पिशवी हातात द्या.

ओटो नीट सांभाळला तर तीन-चार वर्षं, कधी त्याहून जास्त जगतो. पानाच्या पाठीला चिकटून, इवले डोळे फिरवत, सहा जण मिळून एका दोडक्याच्या चकतीवर बसलेले बघायला फार छान वाटतं. लहान मुलंही शांत बसून बघतात. टाकी मुरलेली असेल, पाणी साठवलेलं असेल आणि उन्हाळ्याची सोय असेल, तर जरूर आणा. यातलं एकही नसेल तर थोडं थांबा.

काही शंका असेल तर आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत विचारा.